मधुकररावांचा उजवा गुडघा

मधुकररावांना आजवर बऱ्याच ठिकाणी बोलावणं आलं होतं. लग्नात पंगतीवर लक्ष ठेवायला, गणपतीत मंडपाची दोरी धरायला, कुणाकडे मुलगी पाहायला निघाले की गाडीत चौथा माणूस म्हणून. पण ‘काही कळत नाही’ एवढ्या एका गुणावर आपली निवड व्हावी, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

त्यांची लेक सोनिका बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय मानवी शरीरक्रिया आणि आरोग्य. आजवर प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुली एकमेकींनाच तपासत. पण जिची नाडी मोजायची तीच हळूच आकडा सांगते, हे लक्षात आल्यावर कॉलेजनं यंदा फर्मान काढलं: प्रत्येकीनं घरून एक प्रौढ माणूस आणावा. तो निरोगी असावा, आणि त्याला या शास्त्रातलं काही कळत नसावं.

“मग बाबांलेच ने,” स्वयंपाकघरातून प्रेमिलाताई म्हणाल्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही, हेच मधुकररावांना जास्त लागलं.

“मले काहून काही कळत नाही? सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात अर्धं आयुष्य काढलं. डोळा शरीरातच येते ना?”

“डोळा येते, बाबा. पण माझ्या वाट्याले गुडघा आला आहे,” सोनिका म्हणाली.

काम अगदी साधं होतं. माणसाला उंच जागी बसवायचं, पाय मोकळे लोंबते सोडायचे आणि गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीनं हलकेच ठोकायचं. पाय आपसूक पुढे उडतो; याला रिफ्लेक्स म्हणतात. उडाला की प्रयोग झाला.

“मग मले काय करा लागते?”

“काहीच नाही. तुम्ही काहीच करायचं नाही.”

इथेच सगळं बिघडलं. ज्या बापानं लेकीला सायकल शिकवताना तिच्या मागं धावून धावून स्वतःचा दम काढला, शाळेतल्या नाटकात ती झाड झाली तेव्हा रात्रभर पानं कापली, त्याला ‘काहीच करू नका’ म्हणणं म्हणजे भर मे महिन्यात कूलरला ‘आवाज करू नको’ म्हणण्यासारखं. पाणी आटेल, पण ते व्हायचं नाही.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण घरात ती कुणीच सांगत नसे. सोनिकाला डॉक्टर व्हायचं होतं. नेमकं कुणाला तिला डॉक्टर करायचं होतं, ते आता नीट आठवत नाही, बहुतेक सगळ्यांनाच. प्रवेश परीक्षा तिनं दोनदा दिली, दोन्हीदा यादीत नाव आलं नाही, आणि ती या अभ्यासाकडे वळली. तेव्हापासून दुकानात कुणी लेकीचं विचारलं की मधुकरराव काच पुसत पुसत म्हणत, “डॉक्टरकीच्याच लाइनला आहे.” पाहुण्यांत तेच, शेजारात तेच. सोनिका तिथं असली की गप्प होई आणि आतल्या खोलीत निघून जाई. पोरीची जखम अजून ओली आहे असं समजून मधुकरराव पुढच्या वेळी तेच वाक्य आणखी ठासून म्हणत. औषध लागू पडत नसेल तर मात्रा वाढवावी, एवढं वैद्यक त्यांनाही येत होतं.

पहिली तालीम रविवारी दुपारी झाली. मधुकरराव जेवणाच्या टेबलावर बसले, ते फोटो काढायला बसल्यासारखे. पाठ ताठ, हनुवटी वर. सोनिकानं ठोकलं. पाय हलला नाही. पुन्हा ठोकलं. पाय हलला नाही.

“सैल सोडा ना, बाबा.”

“सोडला आहे.”

तिनं मांडी दाबून पाहिली. लाकडाच्या ओंडक्यासारखी. “हा सैल आहे?”

“माझा सैल असाच राहते.”

तेवढ्यात पेपर परत द्यायला शेजारचे नत्थूजी आले. नत्थूजी म्हणजे कॉलनीतलं सल्ल्याचं दुकान. माल चोवीस तास उपलब्ध, आणि एकदा दिलेला परत घेतला जात नाही. वय सत्तरीच्या पुढचं. काय चाललंय ते विचारून त्यांनी ताबडतोब धोतर सावरलं आणि टेबलावर चढून बसले. सोनिकानं नुसती हातोडी टेकवली, तर नत्थूजींचा पाय असा उडाला की पायातली चप्पल थेट कूलरच्या टाकीत.

टाकीतून बुडबुडे आले.

“बघा गा मधुकरराव,” नत्थूजी खाली उतरत म्हणाले. “माझी वायरिंग जुनी आहे, पण कंपनीची आहे. तुमचं कनेक्शन कुठंतरी ढिलं आहे.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचली. मधुकररावांचा गुडघा हलत नाही हे ऐकून लोक भेटायला येऊ लागले. आजारी माणसाला भेटायला जातात तसे, हातात काहीतरी घेऊन. समोरच्या इंदुताई तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आल्या. या बाईंच्या ओठांवर दोन ओळी सदा तयार असत. बारसं असो की बोअरवेल, त्या तिथल्या तिथं जुळवून मोकळ्या होत. टेबलाशी उभ्या राहून, तेलात बोट बुडवत त्या गुणगुणल्या:

“बापाचा गुडघा गं बाई, जसा देवळाचा खांब
लेक ठोके हातोडीनं, म्हणे, हालशील कधी, सांग.”

प्रेमिलाताईंना हसू आवरेना. सोनिका पुस्तकामागं लपली. खांब मात्र हसला नाही.

“चेष्टा नाही करून राहिली मी, वं सोनिका,” इंदुताई म्हणाल्या. “यायले डिंकाचे लाडू दे. सांधे मोकळे होतात.”

एप्रिलच्या नागपुरात डिंकाचे लाडू खाणं हा आरोग्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात नसलेला प्रयोग मधुकररावांनी निष्ठेनं केला. तिसऱ्या लाडवाला नाकाचा घोळणा फुटला. नत्थूजींनी उलटं चालायचा सल्ला दिला. त्यानं म्हणे गुडघ्याला आपण कुठं जातोय ते कळत नाही आणि तो सावध राहतो. मैदानावर उलटं चालता चालता मधुकरराव नत्थूजींच्याच उभ्या स्कूटरवर अलगद जाऊन बसले. स्कूटर चालू नव्हती, ही देवाची कृपा.

“बाबा, तुमचा गुडघा चांगला आहे,” सोनिका दर वेळी सांगे. “तुम्ही फक्त त्याच्यात लक्ष घालू नका.”

“माझ्या पोरीच्या परीक्षेत मी लक्ष नाही घालू, तर काय नत्थूजी घालन?”



मग कॉलेजला निरोगीपणाचा दाखला हवा होता. मधुकरराव जरीपटक्यातल्या एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, छातीला नळी लावली आणि दाखल्यावर लिहिलं, ‘वरवर पाहता सामान्य.’

मधुकररावांनी तो कागद घरापर्यंत तीनदा उघडून वाचला. जेवायला बसल्यावर म्हणाले, “वरवर पाहता म्हणजे काय? आत पाहून घ्यायचं होतं ना.”

“इतकी वर्षं मीही तेच म्हणून राहिली,” प्रेमिलाताई वाढता वाढता म्हणाल्या. “वरून बरे दिसतात.”

तो दाखला कॉलेजच्या खिडकीवर द्यायला ते स्वतः गेले. खिडकीतल्या बाबूंनी कागद खालून वर वाचला, मग वरून खाली.

“विषय कुठे आहे?”

“काय?”

“ज्याच्यावर प्रयोग व्हायचा तो. त्याले विषय म्हणतात.”

“मी. मीच विषय आहे.”

बाबूंनी चष्म्यावरून त्यांना न्याहाळलं. “फोटो लावा. आणि इथं ‘वडील’ लिहिलं आहे ते खोडा. ‘प्रौढ पुरुष’ लिहा.”

“पण मी वडीलच आहो.”

“घरी आहात. परीक्षेच्या खोलीत बापलेक नाही चालत. आत एक परीक्षार्थी, एक विषय. ती तुम्हाले ‘सर’ म्हणन. तुम्ही तिले काहीच नाही म्हणायचं.”

मधुकररावांनी ‘वडील’ खोडलं. एका रेघेनं ते पुरतं खोडलं गेलं नाही, म्हणून बाबूंनी त्यांच्या हातून दुसरी मारून घेतली.

त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं. गुडघा आपणहून उडत नाही ना, तर आपण उडवायचा. यात अवघड काय आहे? पाय आपला, लेक आपली. दुकानात काउंटरमागं उंच स्टुलावर बसून ते चष्म्याच्या रिकाम्या डबीनं गुडघ्याखाली ठोकत आणि पाय झटकन पुढे टाकत. सुरुवातीला ठोका आणि पाय यांची गाठ पडेना. मग हळूहळू ताल जमला. ठक की फट, ठक की फट, जशी काही लेझीम.

अशाच एका दुपारी कळमेश्वरहून एक दादाजी डोळे तपासायला आले होते. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे न पाहताच त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा म्हणून दाखवली.

“दादाजी,” मधुकरराव म्हणाले, “तक्ता पाठ करून आले तुम्ही.”

“नातवानं करून घेतला,” दादाजी अभिमानानं म्हणाले. “फेल नाही झालो पाहिजे म्हणे.”

“इथं पास-फेल नाही राहत, दादाजी. तुम्ही पाठ म्हणून दाखवाल, मी चुकीचा नंबर देईन, आणि तुम्ही नालीत पडाल. जसं दिसते तसं सांगा. डोळ्याले त्याचं काम करू द्या.” हे सांगत असताना काउंटरखाली त्यांच्या हातातली डबी गुडघ्यावर पडत होती आणि पाय अगदी वेळेवर उडत होता. एकदा तो दादाजींच्या पिशवीला लागला. दादाजींनी पिशवी मुकाट्यानं बाजूला घेतली. शहरातली माणसं अशीच, असं समजून.

परीक्षेच्या दिवशी मधुकररावांनी लग्नसमारंभातला सूट काढला. टाय बांधला. प्रेमिलाताई म्हणाल्या, “अहो, लेंगा घाला. गुडघा दाखवा लागते.” पण विद्यापीठाच्या परीक्षेला लेंगा घालून जाणारे ते नव्हते. परिणाम असा झाला, की प्रयोगशाळेत पॅन्ट नडगीच्या वर चढेना. वर ओढली तर शिवण बोलू लागली. शेवटी तिथल्या शिपाईबाईंनी कपाटातून टेबलावर अंथरायचं हिरवं कापड काढून दिलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. मधुकरराव पडद्यामागून बाहेर आले ते वर कोट, टाय आणि खाली हिरवी लुंगी अशा वेशात, आणि उंच टेबलावर चढून बसले. भिंतीवरच्या चित्रातला सोललेला माणूस त्यांच्याकडे पाहत होता. त्याच्या अंगावर तेवढंही नव्हतं, हाच काय तो दिलासा.

परीक्षक मॅडम बाहेरगावच्या होत्या. बारीक अंगाच्या, आवाज हलका. त्यांच्या चष्म्याची फ्रेम डावीकडे कलली होती. मधुकररावांच्या बोटांना खाज सुटली, पण विषयानं बोलायचं नव्हतं.

“सर, पाय सैल सोडा,” सोनिका म्हणाली. स्वतःच्या पोरीच्या तोंडून ‘सर’ ऐकून मधुकररावांनी नकळत टायची गाठ सारखी केली. तिनं हातोडी एकदा या हातात घेतली, एकदा त्या हातात. ते पाहून त्यांचा निर्धार दुप्पट झाला. हातोडी वर गेली, आणि खाली यायच्या आत मधुकररावांचा उजवा पाय दिमाखात पुढे गेला.

मॅडमनी मान वर केली. “हातोडी अजून लागली नव्हती.”

विषयाला राहवलं नाही. “तिचा हात हलका आहे, मॅडम. लागलेला कळत नाही.”

“पुन्हा.”

आता मधुकरराव गोंधळले. लवकर नको, उशीर नको, या विचारात ठोका उजव्या गुडघ्यावर पडला आणि डावा पाय उडाला. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी खुदकन हसली आणि तिच्या विषयाची नाडी मोजायची चुकली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हा रिफ्लेक्स नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “हे सौजन्य आहे.”

मधुकररावांचे कान तापले. सोनिकानं मग पुस्तकातला उपाय केला: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितली, म्हणजे माणसाचं लक्ष हातात जातं. पण मधुकररावांनी मोबाइलवर ही युक्ती आधीच पाहून ठेवली होती. त्यांनी बोटं अशी ओढली की चेहरा लाल झाला, आणि लक्ष सगळं गुडघ्यातच. पाय खांब. तिनं सतराचा पाढा म्हणायला सांगितला. त्यांनी तो न चुकता म्हटला, सतरा दाही सत्तरासे म्हणून थांबले. पाय खांब.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. “अजून एकदा करा. नाही आला, तर या प्रयोगाचे गुण मला देता येणार नाहीत. पुढच्या परीक्षेला पुन्हा बसावं लागेल.”

पुढची परीक्षा म्हणजे वर्ष. पुन्हा एकदा यादीत नाव नाही. मधुकररावांनी लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा तसाच झाला होता, दुकानातल्या त्या वाक्यानंतर होई तसा; पाण्यात दिवा सोडावा आणि तो आपल्यापासून लांब लांब जावा, तसा. त्यांना वाटलं, आपल्यामुळे. दोन्हीदा आपल्यामुळेच असेल. आता काहीतरी करायला हवं, आणि काय करायचं ते तर संपलं होतं.

सोनिका एक पाऊल जवळ आली. हातोडी तिनं खाली, बाजूला धरली होती.

“बाबा,” ती हळूच म्हणाली.

मधुकरराव दचकले. हे चालत नव्हतं. त्यांनी खिडकीतल्या बाबूंच्या भीतीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

“बाबा, मी डॉक्टर नाही झाली. तुम्हाले माझी लाज वाटते का?”

“लाज?” मधुकरराव म्हणाले. “कोणाले? मले?”

“मग सगळ्याईले डॉक्टरकीची लाइन, डॉक्टरकीची लाइन काहून सांगत राहता?”

“अवं, तुले वाईट वाटू नाही म्हणून. तुले ते दुःख आहे ना अजून.”

“मले नाही आहे. कधीचंच नाही. मले हेच आवडते. मले वाटे तुम्हाले आहे, म्हणून मी गप्प राहत होती.”

ते तिच्याकडे पाहतच राहिले. आणि मॅडम गुडघ्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “उजवा आला. सुंदर आला. आता डावा.”

केव्हा आला? मधुकररावांना त्याचा पत्ताही नव्हता. हातोडी कधी वर गेली, ठोका कधी पडला, काही काही कळलं नव्हतं. पण ते विचारायला त्यांना सवड कुठं होती. त्यांच्या तोंडी आता बोलणं आलं होतं, धरण फुटल्यासारखं.

“मले कायचं दुःख, सोनू. तू त्या दिवशी जेवताना म्हटलं, माणूस झोपला तरी हृदय जागं राहते, जन्माच्या आधीपासून एकटं काम करून राहिलं आहे, कोणी शाबासकी नाही दिली तरी. मी ते कितीक दिवस मनात घेऊन फिरून राहिलो. रात्री छातीवर हात ठेवून पाहतो आणि त्याले म्हणतो, चालू दे गा. आजवर कोण्या डॉक्टरनं मले असं काही सांगितलं? ते तर वरवर पाहतात. मी लोकाईले डॉक्टरकी डॉक्टरकी सांगत होतो, कारण मले दुसरा शब्दच येत नव्हता. तुझ्या शिक्षणाले काय म्हणतात ते तू मले नीट शिकव. मी पाठ करतो.”

“डावाही आला,” मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी पेन बंद केलं, कललेला चष्मा काढून हातात धरला आणि परीक्षेचा शेवटचा प्रश्न विचारला.

“ठोका पडल्यावर संदेश कुठे जातो?”

“पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, मॅडम,” सोनिका म्हणाली. “आणि तिथूनच मागे फिरतो. पाय उडायचा तो उडून जातो. मेंदूच्या हुकमासाठी थांबत नाही.”

“मग मेंदूला काहीच कळत नाही?”

“कळतं. पण मागाहून.”

“किती मागाहून?”

पुस्तकात याचं उत्तर होतं, सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात, आणि सोनिकाला ते पाठही होतं. तिनं वर पाहिलं. उंच टेबलावर कोट, टाय आणि हिरव्या लुंगीत तिचा विषय बसला होता आणि कोटाचे खिसे एकामागून एक चाचपत होता, कारण रुमाल पॅन्टच्या खिशात होता आणि पॅन्ट पडद्यामागं खुंटीवर.

“माणसामाणसावर आहे, मॅडम,” ती म्हणाली आणि आपला रुमाल त्यांच्या हातात दिला. “यांना आत्ता कळून राहिलं आहे.”